पेट्रोल की डिझेल? ॲव्हरेज नंतर, आधी आग कशी लागते ते बघा

गाडी घेताना सगळे पहिला प्रश्न विचारतात, ॲव्हरेज किती देते? माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच पाहिजे. इंजिन एकदा चालू केलं की ते सलग किती वेळ चालणार आहे? असं का म्हणतोय ते कळायला दोन्ही इंजिनांच्या पोटात जरा डोकवावं लागेल.

चार स्ट्रोक दोन्हीकडे तेच. सिलिंडरमधला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली जाताना हवा आत ओढतो, वर येताना दाबतो, मग जळणाऱ्या गॅसचा जोर त्याला खाली ढकलतो, आणि परत वर येताना धूर बाहेर. निकोलाउस ऑटोने हे चक्र १८७६ मध्ये चालवून दाखवलं. सगळा फरक आग लावण्यात आहे.

पेट्रोल इंजिन हवा आणि पेट्रोलचं मिश्रण साधारण ९ ते १२ पट दाबतं आणि स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. त्याहून फार जास्त दाबायला गेलं तर मिश्रणाचा काही भाग ज्वाळा पोचायच्या आधीच स्वतःहून पेटतो आणि इंजिन टकटक करायला लागतं, तेच नॉकिंग. डिझेल इंजिन मात्र नुसती हवा आत घेतं आणि ती साधारण १५ ते २० पट दाबतं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक हाताला गरम लागतं ना, तेच इथे होतं, फक्त हवा ५०० अंशांच्या वर तापते. तिच्यात डिझेलचा फवारा मारला की आपोआप भडका, प्लगची गरजच नाही. रुडॉल्फ डिझेलचं पहिलं नीट चालणारं इंजिन १८९७ चं.

आता या एका फरकातून बाकीचं सगळं निघतं. एवढा दाब सोसायचा म्हणून डिझेलचं इंजिन जाडजूड, वजनदार आणि बनवायला महाग, पण जास्त दाबलं की त्याच इंधनातून जास्त काम निघतं, शिवाय पेट्रोलसारखी आत येणारी हवा अडवून वेग कमी करायची भानगड नाही, आणि एक लिटर डिझेलमध्ये मुळात ऊर्जाही थोडी जास्त असते, म्हणून ॲव्हरेज चांगलं. टर्बो (जादा हवा आत कोंबणारा पंखा) असला की १५००-२००० आरपीएमलाच, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, भरपूर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, मिळतो, भरलेली गाडी घाटात सारखे गियर न बदलता ओढते. पेट्रोल हलकं, शांत, ६००० च्या पुढे मोकळेपणाने फिरणारं. हल्ली टर्बो पेट्रोलने टॉर्कमधला फरक बराच कमी केलाय, पण तेही जोरात दामटलं की ॲव्हरेज लगेच पडतं.

खरा पेच धुराचा आहे. डिझेलच्या फवाऱ्याच्या आत हवा नीट पोचत नाही तिथे काजळी तयार होते, नव्या गाड्यांत ती डीपीएफ नावाच्या फिल्टरमध्ये अडकते, आणि ती जाळून फिल्टर मोकळा करायला आत साधारण ६०० अंश तापमान लागतं. लांब रस्त्यावर हे काम तुमच्या नकळत उरकतं. पण रोज दहा-दहा मिनिटांच्याच फेऱ्या असतील तर इंजिन तापायच्या आत तुम्ही चावी काढता, जाळणं अर्धवट राहतं, फिल्टर चोक होत जातो, आणि बऱ्याच गाड्यांत त्यासाठी मारलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. छोट्या फेऱ्यांनी पेट्रोल इंजिनही खूश नसतं, पण एवढा त्रास करून घेत नाही.

खर्चाचंही तसंच. डिझेलचा इंजेक्टर २००० बारच्या आसपास दाबाने फवारतो (कारच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतो!), त्यामुळे इंजेक्टर, हाय प्रेशर पंप काही बिघडलं की खिशाला चांगलाच फटका. पेट्रोलचे प्लग बदलणं त्यापुढे किरकोळ.

त्यामुळे रोज लांबचं रनिंग असेल, ओझं किंवा माणसं भरून जायचं असेल, तर बिनधास्त डिझेल घ्या. ऑफिस, शाळा, बाजार एवढंच असेल तर पेट्रोल, ॲव्हरेजचा आकडा कितीही खुणावू दे.

जुनी डिझेल बघायला गेलात तर आधी इंजिन गार आहे का हात लावून बघा, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर गार स्टार्टला ते कसं वागतं हे कळणारच नाही. मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची पट्टी, काढा. ऑइल काळं असणारच, त्याला घाबरू नका. पण लेव्हल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि बोटावर घेतल्यावर पातळ लागून डिझेलचा वास येत असेल, तर ती गाडी बहुतेक छोट्या फेऱ्यांतच फिरलीय. मी तरी अशी गाडी घेणार नाही.