पाथर्डी फाट्याजवळचं डिटेलिंग: गाडी चकाचक, सीट मात्र ओल्या

नाशिकमधलं गाड्यांच्या डिटेलिंगचं, म्हणजे बारकाईने धुण्या-पॉलिशचं, दुकान आहे हे. पाथर्डी फाट्याकडून आत वळलं की डाव्या हाताला शेड आहे, बोर्ड बारीक आहे, मी दोनदा पुढे निघून गेलो. चार स्टार देतोय, पाचवा का नाही ते खाली येईलच.

आधी माझी कहाणी. काळी बलेनो, सेकंडहँड घेतलेली. काळी घेऊ नको असं घरच्यांपासून पेट्रोल पंपावरच्या पोरापर्यंत सगळ्यांनी सांगितलं होतं, तरी घेतली. सोसायटीत एक मुलगा सकाळी गाड्या पुसतो, महिन्याला पाचशे रुपये. एक बादली, एक जुनं बनियन आणि बेसमेंटमधल्या चौदा गाड्या. चौदाव्या गाडीपर्यंत त्या पाण्याचं काय झालेलं असतं ते तुम्हीच बघा. दोष त्याचा नाही हो, पाचशे रुपयांत तो काय देव्हारा पुसल्यासारखी पुसणार. पण सध्या सिंहस्थाच्या नावाने रस्ते खोदून ठेवलेत, गाडीवर रोज धुळीचा थर, आणि त्या कोरड्या धुळीवरून फडकं फिरवणं म्हणजे पॉलिशपेपरच की. वर्षभरात बोनेटवर उन्हात कोळ्याचं जाळं दिसायला लागलं, बारीक बारीक गोल ओरखडे. पांढऱ्या गाडीवर पण असतात फक्त दिसत नाहीत.

पण मला तिथे घेऊन गेलं ते जाळं नाही, तर सासुरवाडी. दिंडोरीकडे द्राक्षाची बाग आहे, पोळ्याच्या सुमारास गेलो होतो आणि गाडी बागेच्या कडेला आंब्याखाली लावली, सावली आहे म्हणून. शेजारच्या प्लॉटवर ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू होता, द्राक्षावरच्या डाऊनी रोगासाठी बोर्डोची फवारणी मारत होते, वारा आमच्या बाजूला. जेवून, झोप काढून बाहेर आलो तर अर्धी गाडी निळसर पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली. मी हुशारी करून ओल्या फडक्याने घासली, नंतर घरी येऊन भांड्यांचं लिक्विड लावून घासली, मग बायको म्हणाली नखाने निघतंय का बघ, ते पण केलं. ठिपके तसेच, वर माझ्या नखांचे ओरखडे.

एका वॉशिंग सेंटरवाल्याने (हे नाही, दुसरंच, नाव घेत नाही) सांगितलं की रबिंग, म्हणजे मशीनने पेंट घासणं, मारावं लागेल, अडीच हजार. मग इथे फोन केला. समोरच्याने गाडी कोणती, रंग कोणता हे विचारायच्या आधी विचारलं की कशाचे डाग आहेत काका, पाण्याचे की फवारणीचे? तिथेच मी अर्धा विकला गेलो. म्हणाला बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि चुना शाम्पूने जात नाही, कितीही घासा पेंटच जाईल, त्याला आंबटच लागतं. तिथे गेल्यावर गाडी आधी धुतली, सावलीत गार होऊ दिली, मग ॲसिडवालं डाग काढायचं लिक्विड कापडावर घेऊन एकेका भागावर लावलं, थोडं थांबून लगेच भरपूर पाण्याने काढलं. उन्हात तापलेल्या बोनेटवर हे कधी करायचं नाही म्हणे, सुकलं की तेच नवीन डाग. पाऊण तासात ठिपके गायब आणि मशीनला हात पण लावला नव्हता. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने गाडी धुवून उन्हात सुकवली की जे पांढरे गोल राहतात ते पण क्षारच, त्यावर पण हाच इलाज, नवीन असताना लवकर निघतात.

धुण्याची पद्धत मी मुद्दाम उभा राहून बघितली. चाकं सगळ्यात आधी, त्यांचे ब्रश आणि बादली वेगळी. मग नुसत्या प्रेशरच्या पाण्याने माती सोडवली, चाकांच्या वरच्या कमानीत आतून पण, कसाऱ्याकडचा लाल चिखल तिथेच साठतो आणि कोणी बघत नाही. मग फोम मारून पाच मिनिटं नुसतं उभं. हे मला आधी नाटक वाटायचं, पण फोमने माती फुगून आपोआप खाली ओघळते, हात लागायच्या आधीच निम्मं काम होतं. त्यानंतर दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक साध्या पाण्याची. हातमोजा गाडीवर एक पट्टा फिरवला की आधी साध्या पाण्यात झटकायचा मगच शाम्पूत बुडवायचा, बादलीच्या तळाशी जाळी असते म्हणजे खाली बसलेली वाळू परत वर येत नाही. वरून खाली, टपापासून सुरुवात, दाराचा खालचा भाग शेवटी. एवढंच. घरी करायला काही अवघड नाही, दुसरी बादली कोणाकडे नसते का? आणि भांड्यांचं लिक्विड वापरतो म्हटल्यावर मालकाने डोक्याला हात लावला, त्याने तेलकटपणाबरोबर गाडीवरचं वॅक्स पण निघून जातं.

सुकवायला मोठा जाडजूड मायक्रोफायबर टॉवेल, घासायचा नाही, नुसता पसरून ओढून घ्यायचा. एका पोराच्या हातातून टॉवेल जमिनीवर पडला, त्याने तो उचलून सरळ टायर पुसायच्या ढिगात टाकला. मालकाने सांगावं पण लागलं नाही. मला यातच सगळं कळलं.

आता गंमत. जाळं काढायला पॉलिशिंग करायचं ठरलं तेव्हा मालकाने पेंटची जाडी मोजायचं यंत्र आणलं. कंपनीचा सगळा पेंट मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन असतो, त्यातला वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, चाळीस पन्नासच, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा पातळ, आणि प्रत्येक वेळी पॉलिश म्हणजे त्यातलाच थोडा खरवडणं. बोनेट ११०, टप ११५, पुढचं दार ११२, आणि मागचं डावं दार २६०! दोघांनी एकमेकांकडे बघितलं. म्हणे काका हे दार परत रंगवलंय. मला गाडी विकताना "डॉक्टरांची गाडी आहे, एक ओरखडा नाही" असं सांगितलं होतं. असो, ते डॉक्टर आणि ते दार. पण सेकंडहँड घेणाऱ्यांनी आधी अशा ठिकाणी शंभर रुपये देऊन दारं मोजून घ्यावीत, मी नंतर मोजली.

पेंटवर सिरॅमिक कोटिंग लावण्यासाठी मीच मागे लागलो होतो, तो नको म्हणाला. रोज सोसायटीतला तो मुलगा बनियनने पुसणार असेल तर पंधरा हजार पाण्यात. ९एच लिहितात ते पेन्सिलीच्या कडकपणाचं माप आहे, हायवेवर खडी उडाली तर टवका उडणारच, किल्लीने ओढलं तर ओरखडा येणारच. माती कमी चिकटते, धुवायला सोपं जातं, चकाकी टिकते, एवढं खरं. शेवटी एक स्टेप पॉलिश आणि वॅक्स, साडेतीन हजार. रबिंगवाल्यापेक्षा जास्तच गेले, पण जाळं ऐंशी टक्के तरी गेलं. राहिलेलं काढायला अजून क्लिअर कोट खावा लागेल म्हणून तिथेच थांबवलं, हे मला आवडलं.

आता पाचवा स्टार. आतली सफाई घेतली, अठराशे. रंगपंचमीला पोरगा तिवंध्याच्या रहाडीत (रंगाच्या पाण्याचा हौद) उडी मारून तसाच मागच्या सीटवर बसला होता, तो रंग बऱ्यापैकी निघाला, कौतुक आहे. पण सीट ओल्या दिल्या! भाद्रपदातली हवा, बाहेर रिपरिप, काचा बंद, दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर भिजलेल्या गोणपाटाचा वास. पावसाळ्यात सीट शाम्पू करायचीच असेल तर सकाळी पहिल्या नंबरला गाडी द्या आणि संध्याकाळी हात दाबून बघूनच न्या. आणि डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश लावू नका असं दोनदा सांगूनही लावलं, दुपारी मुंबई नाक्याला समोरच्या काचेत रस्त्याऐवजी डॅशबोर्डच दिसत होता. मीच ओल्या फडक्याने पुसून काढलं.

तिसऱ्या दिवशी गाडी परत नेली, वाद न घालता त्यांनी मशीनने पाणी ओढलं, ब्लोअर लावला, पैसे घेतले नाहीत. दोन तास गेले, बसायला दोनच प्लास्टिकच्या खुर्च्या, एकीचा पाय तुटका. रविवारी जाऊ नका, रांग असते, मधल्या वारी फोन करून जा.

सोसायटीतल्या त्या पोराला मी आता बाहेरून पुसू नको म्हणून सांगितलंय, पैसे तेवढेच देतो, तो काचा आणि आतलं करतो. आणि दिंडोरीला गाडी बागेपासून लांब, शाळेपाशी लावून चालत जातो. सासरे हसतात, हसू देत.