कणीक, पाणी की धान्याची परात? बोलू लागणाऱ्या मुलासाठी घरातला खेळ निवडताना

जुलैची झड लागलेली, खाली खेळायला सोडता येत नाही, आणि घरात दीड-दोन वर्षांचं मूल. त्यात येणारा-जाणारा विचारतो, “अजून बोलत नाही का गं?” अशा वेळी कोणीतरी ‘सेन्सरी प्ले’ सुचवतं. म्हणजे हाताला, कानाला, नाकाला काही जाणवेल असं सामान पुढ्यात ठेवायचं, मुलाला ते चाचपू द्यायचं आणि त्या निमित्ताने त्याच्याशी बोलायचं. माझ्या लेकीबरोबर मी हे वर्षभर केलं. माझा कौल आधीच सांगते: मूल शब्दच काढत नसेल तर पाणी, एकेक शब्द बोलत असेल तर कणीक, आणि धान्य तीन वर्षांनंतर.

शब्द सामानातून येत नाहीत, शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडून येतात. म्हणून कोणताही खेळ निवडताना मी एवढंच बघते: यात मला मुलासमोर निवांत बसता येईल का, आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडेल का?

पाणी

पुन्हा पुन्हा घडण्यात पाण्याचा हात कोणी धरणार नाही. पेला भरायचा, ओतायचा, परत भरायचा. मूल वीस वेळा तेच करतं आणि वीस वेळा तेवढंच खूश होतं. आपली भाषा इथे फार उपयोगी पडते. टपटप, बुडबुड, छपाक, खळखळ हे शब्द म्हणजे जवळजवळ आवाजच, आणि शब्द न येणारं मूलही आवाज काढून बघतं. प आणि ब म्हणताना ओठ मिटतात, तेही त्याला समोरून दिसतं.

यात मला सगळ्यात कठीण गेलं ते गप्प राहणं. पेला वर धरून “ओत…” म्हणायचं आणि थांबायचं. मनात दहा आकडे मोजायचे. मूल बघेल, हात हलवेल, कदाचित नुसतं “ओ” म्हणेल. तोच शब्द मानायचा आणि लगेच म्हणायचं, “ओतलं! पाणी ओतलं!” माझ्या लेकीने पहिल्यांदा दोन शब्द जोडले ते असेच, “अजून ओत”.

नळ मात्र बंद ठेवा. न्हाणीघरात वाहत्या नळाच्या आवाजात आपलं बोलणं विरून जातं. आणि चार बोटं पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. फोन वाजला तर आधी मूल कडेवर, मग फोन. खेळ संपला की टब लगेच रिकामा करायचा.

कणीक

एकच प्रकार निवडायला सांगितला तर मी कणीक निवडेन. स्वयंपाक चाललेलाच असतो, त्यातला एक उंडा मुलाला द्यायचा, वेगळी तयारी नको. हात सावकाश चालतात, त्यामुळे बोलणंही सावकाश होतं. आणि क्रियापदं तरी किती! मळणं, तिंबणं, दाबणं, थापणं, लाटणं, वळणं, चिमटा काढणं. मुलांना वस्तूंची नावं आपण हौसेने शिकवतो, पण वाक्य उभं राहतं ते क्रियापदावर.

शिवाय एकच वस्तू डोळ्यांदेखत बदलत जाते. कोरडं पीठ, मग हाताला चिकटणारा गोळा, मग तेलाचं बोट लागल्यावर मऊसूत कणीक. ‘कोरडं’ आणि ‘चिकट’ हे शब्द चित्राच्या पुस्तकातून कळणं अवघड, बोटांना मात्र एका दिवसात कळतात. मूल “पोळी” म्हणालं की आपण “मोठी पोळी” म्हणायचं, ते “मोठी पोळी” म्हणालं की “आजीला मोठी पोळी”. त्याच्यापुढे एकच पाऊल टाकायचं. “हे काय? ते काय?” अशी परीक्षा घेतली की माझी लेक तर गप्पच व्हायची.

काही मुलांना चिकटपणा अजिबात खपत नाही. बळजबरी करू नका. त्यांना लाटणं द्या किंवा गोळा पातळ फडक्यात गुंडाळून द्या. कच्चं पीठ पोटात जाऊ देऊ नका, खेळून झाल्यावर हात धुवा. गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर तांदळाची उकड काढा. टिकावी म्हणून भरपूर मीठ घालून केलेली कणीक मात्र लहान मुलाला देऊ नये, ती बरीचशी गिळली गेली तर धोका असतो.

धान्य

परातीत धान्य, त्यात लपवलेली वाटी, आणि “कुठे गेली?” आत, खाली, मागे, मधे हे शब्द शिकवायला याहून चांगला खेळ मला सापडला नाही. निवडणं, पाखडणं, चाळणं ही आजीची कामंही मुलाच्या हाती येतात. पण शेंगदाणा, हरभरा, राजमा नाकात किंवा श्वासनलिकेत अडकतो आणि ओलाव्याने फुगतो. म्हणून तीन वर्षांआधी नाहीच, आणि नंतरही समोर बसूनच. रांगोळीची पूडही नको, ती श्वासातून आत जाते.

एक गंमत माझ्या उशिरा लक्षात आली. कणीक चिकटली, तांदूळ सांडले, पाणी सांडलं. मराठीतली तिन्ही लिंगं या तीन खेळांत आपसूक येतात. ती कोष्टकातून शिकवायची गरजच पडत नाही.

विकतचे संच, मॉल आणि मोबाइल

विकतचे संच दिसायला सुरेख असतात आणि नोकरी करणाऱ्या आईबापांचा वेळ वाचवतात, हे खरं. घेताना आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून ते खेळण्यांवर बंधनकारक आहे. पाण्यात फुगणारे जेलीसारखे मणी मात्र घरात आणूच नका. गिळले गेले तर आतड्यात फुगून अडतात. मॉलमधल्या खेळाच्या जागेत अंग मोकळं होतं, पण मोठ्या आवाजातल्या गाण्यांत बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे भाषेसाठी तिथे जाऊ नये. मोबाइलवरची बडबडगीतं मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाच्या मुलांना पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास असं सुचवलं आहे.

स्वस्त म्हणजे कमअस्सल, असं वाटत असेल तर ताराबाई मोडकांची आठवण ठेवा. १९४५ साली बोर्डी गावात त्यांनी सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम परिसरात सहज मिळणाऱ्या साहित्यावरच उभं राहिलं.

खेळ पुरेसा नसेल तेव्हा

दोन वर्षं पूर्ण होऊनही मूल दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा येत असलेले शब्द बोलायचं थांबलं असेल, तर “मुलगे उशिराच बोलतात” म्हणणाऱ्यांचं ऐकून थांबू नका. खेळ चालू ठेवा, पण आधी कानांची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ही सोय मोफत असते. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकालाही विचारता येतं. मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे. जाताना मूल काढतं ते सगळे आवाज आणि शब्द आठवून कागदावर लिहून न्या, अगदी “ओ” म्हणजे ओत, हेसुद्धा.