अडीच लाख की दावा: जखमी सायकलस्वारापुढचे दोन मार्ग

मोटारवाहनाच्या धडकेत जखमी झालेल्या सायकलस्वारापुढे भरपाईचे मुख्यतः दोन मार्ग असतात, आणि त्यांतला एक निवडण्याची वेळ बहुधा हात गळ्यात बांधलेला असतानाच येते. पहिला मार्ग म्हणजे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६४ खालची ठरीव रक्कम. दुसरा म्हणजे कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालवायचा रीतसर दावा. फिर्याद, पंचनामा आणि समोरच्या वाहनाचा विमा या गोष्टी वाचकाला ठाऊक आहेत असे मी धरून चालतो. हे दोन्ही मार्ग एकाच आठवड्यात माझ्यासमोर आले होते. त्यांपैकी मी कोणता निवडला आणि का, ते पुढे सांगतो. मात्र मी वकील नाही, आणि माझ्या बाबतीत जे ठरले ते प्रत्येकाच्या बाबतीत ठरेलच असा माझा दावा नाही.

माझा अपघात सायकलस्वारांच्या परिचयाचा आहे. मागून आलेली मोटार मला ओलांडून पुढे गेली आणि इशारा न देता डावीकडे वळली. तिच्या मागच्या दारावर माझे पुढचे चाक आदळले आणि डाव्या हाताची, कोपर ते मनगट यांमधली, दोन्ही हाडे मोडली. शस्त्रक्रिया करून आत धातूच्या दोन पट्ट्या बसवाव्या लागल्या. भाषांतर आणि टंकलेखन यांवर माझा चरितार्थ चालतो, हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

कलम १६४ चे आकर्षण समजण्यासारखे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेली ही तरतूद सांगते की मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये वाहनमालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यायचे, आणि त्यासाठी चूक कोणाची हे सिद्ध तर राहोच, अर्जात मांडण्याचीही गरज नाही. हाड मोडले की भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार ती दुखापत गंभीर ठरते. हाड शाबूत असेल, पण १५ दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा नित्याची कामे करता आली नाहीत, तरीही ती गंभीर ठरू शकते. नुसते खरचटले, चार टाके पडले आणि आठवड्यात माणूस कामाला लागला, तर मात्र या कलमाचा उपयोग नाही. कलम १४९ नुसार विमा कंपनीने अपघाताची माहिती मिळताच दावे मिटवण्यासाठी अधिकारी नेमायचा असतो, त्याने देकार द्यायचा असतो, आणि आपण तो स्वीकारला तर न्यायाधिकरणाने तडजोड नोंदवल्यापासून ३० दिवसांत पैसे मिळायला हवेत. उलटतपासणी नाही, साक्षीदार नाही, वर्षानुवर्षांच्या तारखा नाहीत.

कलम १६६ चा हिशेब याच्या अगदी उलट आहे. तेथे ठरीव रक्कम कोणतीच नाही. प्रत्येक नुकसानीचे वेगळे शीर्षक असते. उपचार, रुग्णालयात जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेली कमाई, पुढे करावे लागणारे उपचार, वेदना, आणि कायमच्या अपंगत्वामुळे घटणारे उत्पन्न. सायकलच्या मोडतोडीची भरपाईही येथे मागता येते, जी कलम १६४ मध्ये बसत नाही. या दोन कलमांमधले अंतर एका उदाहरणाने स्पष्ट होईल. स्वतंत्र व्यवसाय करणारी, ३८ वर्षांची, महिना २० हजार रुपये कमावणारी व्यक्ती घ्या, आणि अपघाताने तिची कमावण्याची क्षमता १० टक्क्यांनी घटली असे समजा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातील वाढीपोटी उत्पन्नात ४० टक्के भर घालायची, म्हणजे वर्षाचे ३ लाख ३६ हजार होतात. त्याचे १० टक्के ३३,६००. आणि २००९ च्या सरला वर्मा निकालाने ३६ ते ४० या वयोगटासाठी दिलेला १५ हा गुणक लावला की ५ लाख ४ हजार रुपये होतात. हे केवळ एका शीर्षकाखालचे. शिवाय कलम १७१ नुसार न्यायाधिकरणाला अर्जाच्या तारखेपासून व्याज देता येते, त्यामुळे विलंबाचा भार थोडाफार हलका होतो.

तरीही माझा निर्णय या आकडेमोडीवर झाला नाही. तो झाला एका कागदावरच्या एका वाक्यामुळे.

अपघाताला तीन महिने होत आले असताना विमा कंपनीचे एक अधिकारी मला भेटले. त्यांची वागणूक अत्यंत सभ्य होती, कागद तयार होते, रक्कम छापलेली होती. ‘आता एवढे घ्या, पुढचे पुढे पाहू,’ असे ते दोनदा म्हणाले. कागदावर मात्र ‘पुढचे’ काहीच नव्हते. ही रक्कम पूर्ण व अंतिम म्हणून स्वीकारत असल्याचे एक लांबलचक वाक्य तेवढे होते. घरी येऊन मी कलम १६६ उघडले, आणि त्याच्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अटीत, तेच सरळ शब्दांत सापडले: कलम १४९ च्या रीतीने कलम १६४ ची भरपाई स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा दावा संपुष्टात येतो. तो स्थगित राहत नाही किंवा उरलेल्या रकमेपुरता चालू राहत नाही. संपतोच.

माझे त्यावेळचे दुखणे अर्धवट अवस्थेत होते. पट्ट्या आत होत्या, त्या काढायच्या की ठेवायच्या याचा निर्णय दीड वर्षाने होणार होता. कोपर सरळ होत होते, मूठ वळत होती, आणि पाहणाऱ्याला हात पूर्ववत वाटत होता. पण टेबलावर तळहात टेकवला की तो सपाट बसत नसे. अंगठ्याकडची बाजू दोन बोटे वर राहायची आणि करंगळीची कड तेवढी लाकडाला लागायची. टंकलेखन करताना ती उणीव भरून काढण्यासाठी खांदा आपोआप वर उचलला जाई आणि तासाभरात मान दुखू लागे. फिजिओथेरपिस्ट रोज म्हणत, ‘येईल, हळूहळू येईल.’ कदाचित आलेही असते. तळहात पुढे सपाट बसणार की नाही हे मला, डॉक्टरांना किंवा त्या अधिकाऱ्यांना, कोणालाच ठाऊक नव्हते, आणि नेमक्या त्याच वेळी मी ‘अंतिम’ या शब्दाखाली सही करावी अशी अपेक्षा होती. यात कोणाची लबाडी होती असे मी म्हणत नाही, कारण कायद्यानेच ती वाट तशी आखली आहे. पण दुखापतीचा हिशेब पुरा होण्याआधी वही बंद करायची, ही गोष्ट माझ्या गळी उतरली नाही. मी देकार नाकारला. कलम १४९ मध्येच नाकारण्याची सोय आहे. मग न्यायाधिकरण गुणदोषांवर सुनावणी ठेवते.

वर्षभराने तळहात तसाच राहिला आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले. डॉक्टरांनी हातापुरते काढलेले टक्के आणि कमाईवर होणारा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार या प्रकरणात २०१० साली स्पष्ट केले आहे. तोच तळहात एखाद्या पर्यवेक्षकाला फारसा अडवणार नाही. दिवसभर कळफलकावर बोटे ठेवणाऱ्याला अडवतो. ही तफावत मांडण्याची संधी कलम १६६ मध्येच मिळते, कारण कलम १६४ माणसाचा व्यवसाय विचारतच नाही.

दाव्याची किंमतही सांगितली पाहिजे, नाहीतर माझे माप एका बाजूला झुकलेले दिसेल. चूक सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही, शक्यतेचे पारडे आपल्याकडे झुकले तरी पुरते, पण उलटतपासणीतून सुटका नसते. माझी उलटतपासणी चाळीसएक मिनिटे चालली. सायकलला मागे दिवा होता का, रस्त्याच्या कडेपासून किती फुटांवर होता, हेल्मेट का नव्हते. हेल्मेटच्या प्रश्नावर माझ्या वकिलांनी हरकत घेतली, कारण हेल्मेटची सक्ती करणारे कलम १२९ मोटारसायकलवर बसणाऱ्यांसाठी आहे, आणि तसेही माझा हात मोडला होता, डोके नव्हे. दिव्याचा प्रश्न मात्र गैर नव्हता. सायकलस्वाराची स्वतःची काही टक्के चूक ठरली तर भरपाई तेवढ्याने कापली जाते, आणि अंधारात बिनदिव्याने जाणाऱ्याने ही कपात गृहीत धरूनच हिशेब करावा. माझ्या बाजूने बोलला तो घटनास्थळाचा पंचनामा: मोटारीच्या मागच्या दारावरचा पोचा आणि सायकलचे मुडपलेले पुढचे चाक यांची नोंद त्यात नसती, तर कोण कोणावर आदळले याचा वाद लांबला असता. म्हणून पंचनाम्याची प्रत लवकर मिळवून वाचावी, आणि सायकल दुरुस्तीला टाकण्याआधी तिचे फोटो काढावेत.

कागदांची कटकट आहेच. मेडिक्लेम घेतला असेल तर मूळ बिले तिकडे जातात आणि न्यायाधिकरणात मूळ प्रती कोठे आहेत असे विचारले जाते. तेव्हा बिले देण्यापूर्वीच साक्षांकित प्रती करून ठेवाव्यात. उत्पन्नाच्या बाबतीत नोकरदाराचे काम पगारपत्रकाने भागते, माझ्यासारख्याला आयकर विवरणपत्रे आणि बँकेचे उतारे जोडावे लागतात. ज्याने कधी विवरणपत्र भरलेले नाही त्याचे उत्पन्न न्यायाधिकरण अंदाजाने धरते, आणि तो अंदाज उदार असेलच असे नाही.

एक गैरसमज येथे दूर करतो. दावा लढवायचा म्हणजे उपचार संपेपर्यंत थांबायचे, असा अर्थ नाही. कलम १६६(३) मध्ये अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातलेली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे हे खरे, पण त्या भरवशावर राहू नये. अर्ज मुदतीत करावा, पुरावा मागाहून द्यावा. पोलिसांनी न्यायाधिकरणाला पाठवायचा अपघात अहवालही कलम १६६(४) नुसार अर्ज म्हणून धरला जातो, तरीही स्वतंत्र अर्ज केलेला बरा, कारण अहवालात आपल्या कमाईची कहाणी नसते. अपघात परगावी झाला असेल तरी आपण राहतो तेथील न्यायाधिकरणात दाखल करता येते, ही मोठी सोय आहे.

माझा दावा शेवटी निकालापर्यंत गेला नाही. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि डॉक्टरांची साक्ष नोंदवली गेल्यावर प्रकरण लोक अदालतीत ठेवले आणि तेथे तडजोड झाली. मिळालेली रक्कम आधीच्या देकाराच्या दुपटीहून अधिक होती, पण तिला सव्वादोन वर्षे लागली. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, म्हणजे अंतिम तोही असतोच. फरक इतकाच की तोवर माझ्या हाताचे काय झाले हे सर्वांना ठाऊक होते. लोक अदालतीत लवकर जाऊ नये, पण पुरावा नोंदवून झाल्यावर अवश्य जावे, असे मला वाटते.

कलम १६४ ज्यांना खरोखर सोयीचे पडेल असेही लोक आहेत. हाड नीट जुळले, नोकरीत भरपगारी रजा होती, आणि खर्च मेडिक्लेमने भागला, तर अडीच लाखांसाठी वेळ न दवडणे शहाणपणाचे ठरेल. चूक आपलीच होती असे पंचनाम्यावरून दिसत असेल, साक्षीदार कोणीच नसेल, किंवा कर्जाचे हप्ते थकले असतील, तरीही मी त्या कागदाकडे वाकड्या नजरेने पाहणार नाही. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही तर हे दोन्ही मार्ग बंद होतात. तेथे कलम १६१ खालच्या योजनेतून गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात, आणि पुढे वाहन सापडून दुसरी भरपाई मिळाली तर ती रक्कम परत करावी लागते.

वकिलाविषयी थोडे. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात किंवा १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. मी त्यात बसत नसल्याने खासगी वकील घेतले. रुग्णालयाच्या व्हरांड्यातच ‘मिळेल त्यातले इतके टक्के आमचे’ असे सांगणारा एक गृहस्थ मला भेटला होता. भरपाईत वाटा ठरवून काम घेणे बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना मना आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्याने वकीलपत्रावर सही मागितली तेव्हा प्रकरणाविषयी एकही प्रश्न विचारला नव्हता, म्हणून मी थांबलो. नंतर ज्यांच्याकडे गेलो त्यांनी पैशाचे बोलण्यापूर्वी मला टेबलावर हात ठेवायला सांगितला, आणि अंगठ्याखाली राहिलेल्या फटीत स्वतःचे पेन सरकवून पाहिले.