ट्रेकलीडर, कॅमेरा आणि एमएसडब्ल्यू: बेळगावकरांनी हा कोर्स घ्यावा का?

एमएसडब्ल्यू म्हणजे मास्टर ऑफ सोशल वर्क, समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. खानापूरच्या रानात पोरांना फिरवणाऱ्या आणि लग्नसराईत कॅमेरा चालवणाऱ्या मंडळींनी घ्यावा, पण विचार करून.

दोन वर्षं, चार सेमिस्टर. पदवी कुठल्याही शाखेची चालते. वर्गातल्या नोट्स ठीकठाक. खरा जीव फील्डवर्कमध्ये: आठवड्याला साधारण दोन दिवस वस्तीत, शाळेत नाहीतर दवाखान्यात, आणि प्रत्येक भेटीचा लेखी अहवाल.

गट सांभाळणं, प्रथमोपचार, मागे राहिलेल्यावर नजर ठेवणं हे ट्रेकलीडरला आधीच येतं. तो अडतो वेगावर. डोंगरावर निर्णय तुमचा असतो. इथे तो मदत हवी असलेल्या समोरच्या बाईचा, आणि त्याला तीन महिनेही लागतात.

फोटोग्राफर फसतो कायद्यात. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४: काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसता चेहरा धूसर करून भागत नाही. गणवेशावरचा शाळेचा बिल्ला, मागे दिसणारी घराची पाटी, फाइलमध्ये दडलेलं जीपीएस ठिकाण, सगळं पत्ता सांगतं. लोकेशन सेटिंग आधी बंद करा.

उणीव भरून काढावी लागते ती कन्नडची. निपाणीत घरोघरी मराठी चालेल, पण सरकारी अर्ज कन्नडात. निदान वाचायला शिका; नाहीतर आधार आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नाही, हे खेप वाया गेल्यावरच कळतं.

पगाराचं म्हणाल तर, सीझनमधल्या लग्नाच्या ऑर्डरी लगेच सोडू नका.