जुन्या डेस्कटॉपवर होम असिस्टंट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

घरातले दिवे, पंखे आणि गिझर एका जागेवरून चालवता यावेत म्हणून बाजारातले तयार यंत्र घेण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात माळ्यावर धूळ खात पडलेला जुना डेस्कटॉप आठवला आणि त्यावर ‘होम असिस्टंट’ ही मुक्त स्रोत प्रणाली बसवली. २०१३ पासून विकसित होत असलेली ही प्रणाली विनामूल्य आहे. तिचा खरा गुण असा, की उपकरणे बाहेरच्या सर्व्हरशिवाय घरातल्या घरात या प्रणालीशी बोलणारी असतील, तर इंटरनेट बंद पडले तरी ठरवून दिलेली कामे थांबत नाहीत. याआधी घेतलेला एका कंपनीचा स्विच प्रत्येक आज्ञेसाठी तिच्या सर्व्हरचे तोंड पाहत असे, त्यामुळे हा फरक मला फार मोठा वाटला.

बसवताना संगणकाची संपूर्ण डिस्क पुसली जाते, म्हणून जुने फोटो आधीच काढून घ्यावेत. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, यूईएफआय ही संगणक सुरू होण्याची नवी पद्धत चालू आणि सिक्युअर बूट हे अनोळखी प्रणाली रोखणारे कुलूप बंद करावे लागते. राउटरला केबलने जोडले, की पुढचे सगळे दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून ८१२३ या पोर्टवर (पत्त्यापुढे लिहायचा क्रमांक) करता येते. बायोसमध्येच, वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू होण्याची सोयही चालू करून ठेवावी. आमच्याकडे वीज जाणे हा अपवाद नसल्यामुळे या एका सोयीवाचून सारा खटाटोप वाया गेला असता.

झिग्बी या कमी विजेवर चालणाऱ्या बिनतारी पद्धतीच्या सेन्सरांसाठी यूएसबी डोंगल (त्यांच्याशी बोलणारे, संगणकाला लावायचे छोटे यंत्र) घेतला, पण स्वयंपाकघराच्या दारावरचा सेन्सर सारखा गायब होऊ लागला. यूएसबी ३ च्या पोर्टमधून निघणारा गोंगाट झिग्बीच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींना बाधतो, हे नंतर उमगले. मीटरभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल दूर ठेवताच तक्रार मिटली.

प्रणालीपेक्षा स्विचबोर्डाने मला अधिक छळले. साधा स्विच दुरून चालवता यावा म्हणून बोर्डामागे बसणाऱ्या बहुतेक मॉड्यूलांना न्यूट्रल, म्हणजे विजेच्या परतीची तार, लागतो, आणि आमच्या दोन खोल्यांच्या बोर्डांत तो नव्हताच. तो ओढून आणायला वायरमनला अर्धा दिवस लागला. हे काम स्वतः करण्याचा मोह टाळावा. २००० वॉटचा गिझर जवळपास ९ अँपिअर घेतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचाच प्लग द्यावा.

दर महिन्याला येणारी नवी आवृत्ती घाईने चढवू नये, कारण एखाद्या उपकरणाची प्रणालीशी असलेली जोडणी त्यात मोडू शकते. बॅकअप मात्र दुसऱ्या यंत्रावर अवश्य ठेवावा.

गैरसोय म्हणावी तर ती डेस्कटॉपचीच. माझा ४५ वॉट घेतो, म्हणजे महिन्याला सुमारे ३२ युनिट. १० वॉटच्या मिनी पीसीला ७ युनिट पुरतात. शिकण्यासाठी जुने यंत्र उत्तम ठरले, पण दिवाळीनंतर मी वापरलेला मिनी पीसी शोधणार आहे.