ट्रॅव्हल सीटी टेकचं काम: अँकरेज, रॅपिड सिटी, फिनिक्स, होनोलुलू, सिएटल... कुठे जावं आणि कधी जावं

अमेरिकेत रेडिओलॉजीत ट्रॅव्हल करणारे, म्हणजे एजन्सीमार्फत काही आठवड्यांसाठी दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात काम घेणारे, आपले मराठी लोक आता बरेच दिसतात, एक्सरे, सीटी, एमआरआय, अल्ट्रासाऊंड सगळ्यात, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, कुठे जाऊ? माझं म्हणणं आधी महिना ठरवा, मग गाव. कॉन्ट्रॅक्ट साधारण १३ आठवड्यांचं असतं, म्हणजे तुम्ही तिथे अख्खा एक सीझन राहणार, आणि तेच गाव जूनमध्ये स्वर्ग आणि डिसेंबरमध्ये शिक्षा असू शकतं. मी सीटी टेक, म्हणजे सीटी स्कॅन काढते, घर न्यू जर्सीत, नवरा घरून काम करतो म्हणून जमतं, आणि खाली लिहिलंय ते सगळं त्या हिशोबाने वाचा.

सगळ्यात वर अँकरेज, पण फक्त मे अखेर ते ऑगस्ट. जूनच्या मध्यात तिथे १९ तासांपेक्षा जास्त उजेड असतो, सूर्य मावळायला रात्रीचे साडेअकरा वाजून जातात, त्यामुळे सकाळी सात ते संध्याकाळी साडेसात अशी बारा तासांची शिफ्ट करून बाहेर पडलं तरी पुढ्यात जवळजवळ अख्खी संध्याकाळ शिल्लक असते. कोस्टल ट्रेल समुद्राच्या कडेकडेने ११ मैल जातो, तिथे रात्री दहाला लोक मुलांना घेऊन सायकल चालवत असतात. एकदा पुढची सगळी माणसं एकदम थांबली म्हणून मीही थांबले तर वाटेवर मूसची (प्रचंड मोठ्या हरणाची) मादी, घोड्यापेक्षा उंच, आणि मागे लाल-तपकिरी पिल्लू, ती बाजूच्या झुडपाची पानं ओरबाडून खात होती आणि कोणी बोलत नव्हतं की मोबाईल पुढे करत नव्हतं. पिल्लू सोबत असताना मूस अंगावर येते हे तिथल्या शाळकरी पोराला पण माहीत असतं. ती आत जंगलात गेली तेव्हाच आम्ही हललो. सुट्टीच्या दिवशी सिवर्डची ट्रेन पकडा, चारेक तास लागतात, सुरुवातीला टर्नअगेन आर्म या खाडीच्या कडेने जाते, खिडकी सोडवत नाही.

कामही तिथे वेगळं आहे. रस्ताच नसलेल्या गावांमधून पेशंट विमानाने येतात, त्यामुळे पेशंट हवेत असतानाच बाहेरचे स्कॅन सिस्टीममध्ये आलेत का, रिपोर्ट आलाय का हे बघून ठेवावं लागतं, नाहीतर तोच स्कॅन परत करायची वेळ येते आणि एवढ्या लांबून आलेल्या माणसाला फुकट रेडिएशन. मला असं काम आवडतं, डोकं लागतं त्यात. अलास्काला स्टेट इनकम टॅक्स नाही आणि आपल्या कामासाठी राज्याचं वेगळं लायसन्सही लागत नाही, एआरआरटी, म्हणजे आपलं देशपातळीवरचं सर्टिफिकेट, पुरतं. वाईट बाजू म्हणजे उन्हाळ्यात टुरिस्टमुळे घरभाडं चढतं, भाजी आणि दूध महाग, आणि इंडियन सामान फारसं मिळत नाही, तेव्हा तूरडाळ, पोहे, गोडा मसाला बॅगेतून न्या. नाइट शिफ्ट असेल तर घरमालकाला जाड काळे पडदे आहेत का ते आधी विचारा, नसतील तर झोपेचं खोबरं. डिसेंबरमध्ये तिथे दिवस साडेपाच तासांचा. अंधारात जायचं, अंधारात यायचं, आणि सीटीच्या खोलीला तशीही खिडकी नसते. पैसे चांगले देत असले तरी मी हिवाळ्यात तिथे कोणाला पाठवणार नाही.

रॅपिड सिटी, साउथ डकोटा हे नाव आपल्याकडे कोणी घेत नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. बॅडलँड्स तासाभरावर, ब्लॅक हिल्स दारात, माउंट रशमोर तर अर्ध्या तासावर. स्टेट इनकम टॅक्स नाही, लायसन्सचा घोळ नाही, भाडं मोठ्या शहरांच्या मानाने कितीतरी कमी, त्यामुळे हातात उरतं ते खरंच उरतं. सप्टेंबर सगळ्यात छान. ऑगस्टच्या सुरुवातीला मात्र स्टर्जिसची मोटारसायकल रॅली असते, दहा दिवस लाखो बाइकवाले येतात, हॉटेलचे दर आभाळाला भिडतात, आणि त्या राज्यात १८ वर्षांवरच्यांना हेल्मेटची सक्ती नाही. म्हणजे सीटीत काय होत असेल बघा, डोकं, मान, छाती, पोट, सगळं एका दमात, एक टेबलवरून उतरवला की दुसरा दारात. ट्रॉमा, म्हणजे अपघाताच्या केसेस, शिकायचा असेल तर याच वेळी जा, आणि घर मात्र जूनमध्येच पक्कं करून ठेवा.

फिनिक्स नोव्हेंबर ते मार्च मस्त. थंडीच्या राज्यांमधले म्हातारे लोक हिवाळ्यात तिकडे येऊन राहतात, स्नोबर्ड म्हणतात त्यांना, त्यामुळे हॉस्पिटलं भरतात आणि कॉन्ट्रॅक्टही निघतात. सेडोना दोन तास, ग्रँड कॅन्यन साडेतीन-चार तास. इंडियन दुकानं भरपूर, मराठी लोकही. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये बेसबॉलच्या सरावाचे सामने असतात तेव्हा खोल्या महागतात. उन्हाळ्यातलं कॉन्ट्रॅक्ट रिक्रूटर जास्त पैशाने दाखवतील, तेव्हा एवढंच आठवा की २०२३ मध्ये तिथे ३० जून ते ३० जुलै सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर होता.

होनोलुलू... सुंदर आहे, कोण नाही म्हणतंय. पण हे कमावायचं ठिकाण नाही, खर्च भागवून राहायचं ठिकाण आहे. भाड्यातच स्टायपेंड (घर-जेवणासाठी मिळणारा भत्ता) जातो, गाडी भाड्याने घ्या नाहीतर बोटीने मागवा, राज्याचं लायसन्स वेगळं. एक गोष्ट मला फार आवडली, संध्याकाळी सहाला भारतात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात त्यामुळे समुद्रावर बसून आईशी निवांत बोलता येतं, कोणाचीच झोपमोड नाही. बँकेत शिल्लक असेल तर जरूर जा, कर्ज फेडायचं असेल तर नको.

आता एजन्सीबद्दल, कारण जागा कितीही छान असली तरी मधे एजन्सी असते. एका एजन्सीने मला डोंगराचे फोटो लावलेली पोस्टिंग पाठवली, दिवसाची शिफ्ट, कॉल (ड्युटी नसताना बोलावलं की जायचं) अगदी थोडा म्हणे, आणि कॉन्ट्रॅक्टचा कागद आला त्यात एक आड एक वीकेंड कॉल आणि फोन आल्यापासून ३० मिनिटांत हजर. मी सही केली नाही. बरेच जण ही ३० मिनिटांची ओळ वाचतच नाहीत आणि तीच सगळ्यात महत्त्वाची, कारण त्याने तुमचं घर कुठे असणार ते ठरतं! तळ्याकाठचं गाव पन्नास मिनिटांवर असेल तर ते तुमच्यासाठी नाहीच, तुम्ही हॉस्पिटलच्या मागच्या मोटेलात राहणार. म्हणून सुपरवायझरशी फोनवर बोलताना थेट विचारा, स्कॅनर किती, रात्री मी एकटी असणार का, स्ट्रोक अलर्ट आला तर आयव्ही कोण लावणार, कॉलला किती मिनिटं, पेशंट कमी असले तर तास कापणार का. गॅरंटीड अवर्स, म्हणजे पेशंट कमी असले तरी ठरलेल्या तासांचे पैसे, कागदावर नसतील तर तोंडी आश्वासनाला शून्य किंमत.

पैशाचं पण नीट समजून घ्या. घर आणि जेवणाचा स्टायपेंड टॅक्स फ्री तेव्हाच जेव्हा तुमचं मूळ घर कुठेतरी खरोखर चालू आहे आणि तिथलाही खर्च तुम्ही भरताय, शिवाय एकाच गावात वर्षापेक्षा जास्त राहायचा बेत असेल तर ते बंद. पन्नास मैलांचा नियम म्हणून जे सगळे सांगतात तो आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याचा, नाहीये, तो हॉस्पिटलं आणि एजन्सी आपापल्या सोयीने लावतात. नर्सेसना एका लायसन्सवर खूप राज्यं फिरता येतात, आपल्याला ती सोय नाही, त्यामुळे कॅलिफोर्निया मनात असेल तर महिनोन्‌महिने आधी अर्ज टाका, तिथे कॉन्ट्रास्टसाठी (स्कॅनआधी शिरेतून द्यायच्या औषधासाठी) सुई लावायचं वेगळं ट्रेनिंग दाखवावं लागतं. पण एकदा झालं की दिवसाला आठ तासांच्या वर साधारणपणे ओव्हरटाइम मिळतो, बहुतेक राज्यांत तो आठवड्याला चाळीस तासांच्या वर.

आणि पहिल्यांदाच निघणार असाल, मुलंबाळं सोबत असतील किंवा घरी शुद्ध शाकाहारी स्वयंपाक असेल तर सरळ सिएटल घ्या, जुलै ते सप्टेंबर. स्टेट इनकम टॅक्स तिथेही नाही. लायसन्स लागतं पण निघतं. बॉथेल, रेडमंड, बेलव्ह्यू या पट्ट्यात ताजी मेथी, कढीपत्ता, तयार चपात्या सगळं मिळतं, आणि उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच, माउंट रेनियर रस्त्याच्या शेवटी उभा असल्यासारखा दिसतो. भाडं जास्त आहे, ट्रॅफिकही. त्या पट्ट्यात राहायचं असेल तर कॉन्ट्रॅक्ट पण लेक वॉशिंग्टन तलावाच्या त्याच बाजूचं बघा, रोज पूल ओलांडायला लागला तर बारा तासांच्या शिफ्टचे चौदा होतात. सप्टेंबरपर्यंत थांबलात तर बहुतेक वर्षी गणपतीही तिथेच मिळतो. ऑक्टोबरनंतरचं एक्स्टेंशन देऊ करतील, ते पावसाची सवय असेल तरच घ्या.