मुंबईतली घरपोच नर्सिंग सेवा: ब्युरो निवडताना इनचार्ज सिस्टर बघा

घरी सिस्टर हवी असेल तर मुंबईत ब्युरोला फोन करावा लागतो. गिरगाव असो की मुलुंड, डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डातच कुणीतरी नंबर देतं आणि रात्री आठच्या ड्यूटीला माणूस दारात हजर होतं. सोय मोठीच आहे. मात्र या सेवेचा कस लागतो तो घरी येणाऱ्या माणसापेक्षा त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या इनचार्ज सिस्टरवर. ती नावापुरती असेल तर ब्युरो म्हणजे फक्त माणसं पाठवणारं ऑफिस, आणि अशी ऑफिसं या शहरात पुष्कळ आहेत.

आधी कोण येतं ते पाहू. जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग या पदवीचा चार आणि एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेचा दोन. यांची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते. तो नंबर मागायला संकोच करू नका. कूस बदलणं, स्पंज, डायपर, भरवणं ही कामं अनुभवी मावशी, म्हणजे नर्सिंग न शिकलेल्या मदतनीस बायका, उत्तम करतात, कधी कधी नवख्या सिस्टरपेक्षाही हळुवार हाताने. गैर आहे ते मावशींना पांढरा कोट घालून सिस्टर म्हणून पाठवणं आणि दरही सिस्टरचा लावणं. इन्सुलिनचा डोस, सक्शन (घशातला कफ नळीने ओढून काढणं), शिरेतलं इंजेक्शन त्यांच्या गळ्यात पडतं. चूक झाली की जीव रुग्णाचा जातो आणि बोल मावशींना लागतो.

चांगल्या ब्युरोची इनचार्ज पहिल्या दिवशी स्वतः येते. डिस्चार्ज कार्ड वाचते, गोळ्या कार्डाशी ताडून पाहते, रुग्णाला कुशीवर घेऊन माकडहाड आणि टाचा तपासते. दाबून सोडल्यावरही लाली जात नसेल तर तो बेडसोअरचा, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचा, पहिला टप्पा असतो. मग साधारण दर दोन तासांनी कूस बदलण्याचा तक्ता भिंतीवर लागतो. एअर मॅट्रेस आहे म्हणून कूस बदलायची नाही, हा गैरसमज ती तिथल्या तिथे खोडते. केईएम रुग्णालयाच्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत, ४२ वर्षं सांभाळलं, आणि २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकही बेडसोअर होऊ न देणाऱ्या त्या सेवेचं मनापासून कौतुक केलं. याच शहरातल्या सिस्टरांनी ते करून दाखवलं आहे, तेव्हा दोन आठवड्यांत पाठीला जखम झाली तर ‘वय झालंय’ हे उत्तर ऐकून घेऊ नये.

राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून, फीड (पातळ अन्न) कसं देतात यावरून सेवा लगेच कळते. आधी नाकाशी ट्यूबवर केलेली खूण जागेवर आहे का ते बघायचं. रात्रीच्या खोकल्यात ट्यूब सरकते. सिरिंजने थोडा द्राव ओढून पीएच पट्टीवर पाहायचा, ५.५ किंवा कमी हवा. हवा सोडून पोटावर आवाज ऐकणं किंवा टोक पाण्यात बुडवून बुडबुडे बघणं भरवशाचं नाही. शंका आली तर फीड थांबवून इनचार्जला फोन. उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, आधी ३० मिली पाणी, मग डॉक्टरांनी सांगितलेलं फीड, बहुधा २०० मिलीच्या आसपास, सिरिंज उंच धरून आपसूक उतरू द्यायचं. दट्ट्या दाबून पाच मिनिटांत उरकलं की उलटी होते आणि फीड फुप्फुसात जाण्याची भीती असते. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी आणि किमान अर्धा तास रुग्णाला आडवं करायचं नाही. एसआर (हळूहळू विरघळणाऱ्या) गोळ्या कुटून ट्यूबमधून देऊ नयेत. पर्याय डॉक्टरांना विचारायचा. हे सगळं जमणारी सिस्टर मिळाली तर तिला धरून ठेवा.

खरी परीक्षा नकार देताना होते. पाहुणे यायच्या आत आंघोळ उरका, असा घरच्यांचा आग्रह आहे आणि रुग्णाचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजला तर २८ भरतोय, म्हणजे फार जलद आहे. आंघोळ बाजूला ठेवून ऑक्सिजन पातळी बघायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. रुग्ण निळसर पडत असेल तर थेट १०८. रात्री झोप यावी म्हणून जास्तीची गोळी द्या, हात पलंगाला बांधा, ही मागणीही नेहमीची. डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय सिस्टरने ‘नाही’ म्हणायचं असतं, आणि त्या ‘नाही’मागे इनचार्ज उभी राहायला हवी. गिऱ्हाईक तुटेल म्हणून सिस्टरच बदलून देणारा ब्युरो आमच्या लेखी नापास.

पावसाळा हा या सेवेचा सगळ्यात कच्चा दुवा. लोकल बंद पडल्या की सकाळची सिस्टर येत नाही आणि रात्रीची सलग २४ तास थांबते. दमलेल्या डोळ्यांनी इन्सुलिनची खूण चुकते. जाणते ब्युरो त्याच रेल्वे लाइनवरचं बदली माणूस राखून ठेवतात, थांबलेल्या सिस्टरला दुसऱ्या ड्यूटीचे पैसे आणि चार तास झोप देतात. ओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना रुग्णाची माहिती सोपवणं, फोनवर उरकत नाहीत. वहीत शेवटचं फीड, लघवीचं माप, शुगर, दिलेली औषधं आणि वेळ लिहून सही घेतात.

ॲडव्हान्स देण्याआधी विचारा: रात्री दोनला फोन कोण उचलतं, इनचार्जकडे किती घरं आहेत, बदली किती तासांत मिळेल, आणि रुग्णाला पुन्हा ॲडमिट करावं लागलं तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात का. उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून मागा.